सहा धावांचा पराभव

(मंडळाच्या हेब्बाळ येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी साहित्यिक नव्हे, इतिहाससंशोधकही नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर टिपणे लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्या गृहस्थाने संतवाङ्मयावर किंवा मराठी भाषेच्या भवितव्यावर बोलू नये एवढा विवेक माझ्यापाशी आहे. म्हणून मी खेळाचा विषय घेतला आहे. त्यातही खेळाडूंचा नव्हे, प्रेक्षकांचा, आणि प्रेक्षकांतही हरलेल्या पक्षाच्या प्रेक्षकांचा. विषय वरकरणी हलका आहे. परंतु घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आपणा मंडळींशी त्याचा फार जवळचा संबंध आहे, असे मला वाटत आले आहे.

जानेवारी २०१० मधील तो सामना आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. रणजी करंडक स्पर्धेचा अंतिम सामना त्या वर्षी आपल्या म्हैसुरात झाला. मानसगंगोत्री हे नाव कुवेंपूंनी दिलेले. त्या विद्यापीठ-परिसरातील गंगोत्री ग्लेड्सच्या हिरवळीवर कर्नाटक आणि मुंबई हे दोन संघ उतरले. कर्नाटकाचे नेतृत्व रॉबिन उथप्पाकडे, मुंबईचे वसीम जाफरकडे. गॅलऱ्यांचे अवाढव्य क्रीडागार नव्हे, झाडीने वेढलेले विद्यापीठाचे मैदान. आणि ते माणसांनी अक्षरशः फुलून गेले होते. विद्यार्थी होते, तसेच हेब्बाळच्या कारखान्यांतले कामगार होते, डबा बांधून आलेले पेन्शनर होते.

सामन्याचे आकडे थोडक्यात सांगतो. मुंबईच्या २३३ धावांना उत्तर देताना आविष्कार साळवीने पाच गडी बाद केले आणि कर्नाटकाचा डाव १३० धावांत आटोपला. दुसऱ्या डावात मुंबईची आघाडीची फळी लवकर परतली. परंतु धवल कुलकर्णी या मूळच्या गोलंदाजाने ८७ धावा काढून डाव २३४ पर्यंत नेला. कर्नाटकास विजयासाठी ३३८ धावा हव्या होत्या. तेथे मनीष पांडे हा वीस वर्षांचा मुलगा आणि गणेश सतीश यांनी दोनशेहून अधिक धावांची भागी केली. पांडेने १४४ काढल्या, सतीशने ७५. विजय अंगणात येऊन उभा राहिला होता. मग आगरकरने पाच बळी घेतले, गडी भराभर बाद होत गेले आणि कर्नाटकाचा डाव ३३१ वर संपला. सहा धावांनी पराभव. मुंबईने रणजी करंडक एकोणचाळिसाव्यांदा जिंकला.

संक्रांतीच्या सुटीमुळे त्या शेवटच्या दिवशी मीही मैदानात होतो. अखेरचा गडी बाद झाला आणि इतक्या मोठ्या जमावाचा आवाज एकाएकी बंद व्हावा तसा बंद झाला. मग हळूहळू लोक बोलू लागले. पहिले बोलू लागतात ते 'जर-तर'चे हिशेबनीस. माझ्या पुढच्या बाकावरील एक विद्यार्थी बोटे मोडीत म्हणत होता, "ओंदे ओंदु सिक्सर!" एकच एक षटकार बसता तर बरोबरी, आणि त्याउपर एक धाव म्हणजे करंडक. चार दिवसांत पडलेल्या शेकडो चेंडूंतून तो नेमका कोणत्या चेंडूवर बसावयास हवा होता, याची तो मनाशी निवड करीत होता. दुसरे असतात ते दोषाचा धनी शोधणारे. कोणी पंचांना, कोणी कर्णधाराला, तर कोणी उंच फटका मारणाऱ्या फलंदाजाला नावे ठेवीत होते. तिसऱ्या वर्गाला सगळे आधीपासूनच ठाऊक असते. आणि चौथे काहीच बोलत नाहीत. रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे बघत बसून राहतात.

या चारांत दोष शोधणाऱ्यांची जात मात्र निरुपद्रवी नव्हे. १९५० साली ब्राझीलमध्ये जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेने यजमानांना २-१ असे हरविले. त्या पराभवाचा धनी म्हणून लोकांनी बार्बोसा या गोलरक्षकास धरले आणि २००० साली तो वारला तोवर, म्हणजे पन्नास वर्षे, त्याचा पिच्छा सोडला नाही. दुःख वाटून घ्यावयाचे नसले म्हणजे माणसे ते एकाच्या डोक्यावर ठेवून मोकळी होतात.

आणखी एक गंमत पाहा. १९४१-४२ च्या अंतिम सामन्यात मुंबईने म्हैसूरचा एक डाव आणि २८१ धावांनी पराभव केला होता; १९५९-६० मध्येही म्हैसूर संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून डावाने हरला. या पराभवांची हळहळ मी येथे कोणाच्या तोंडून ऐकली नाही. डावाने हरणाऱ्याच्या मनाची तयारी दुसऱ्या दिवशीच झालेली असते. सहा धावांनी हरणाऱ्यास ती सवलत नाही. त्याची आशा शेवटच्या चेंडूपर्यंत जिवंत असते. म्हणूनच तो सामना येथील चहाच्या टपरीवर अजूनही निघतो.

हे दुःख मुंबईकरांना ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. मे १९९१ मध्ये वानखेडे मैदानावर ३५५ धावांचा पाठलाग करताना मुंबईचा डाव ३५२ वर संपला आणि कपिलदेवच्या हरियाणाने दोन धावांनी करंडक नेला. सचिन तेंडुलकर ९६ धावा काढून परतला होता; दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले. शेवटचा गडी धावचीत झाला तेव्हा जगभरची मैदाने पाहिलेला तो अनुभवी फलंदाज मैदानावरच रडला. त्या अश्रूंची आठवण असणाऱ्याने गंगोत्रीवर बसलेल्या त्या चौथ्या वर्गातील माणसांकडे पाहून हसणे शक्य नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या दिवशी आपण मराठी मंडळी कोणत्या पक्षाची होतो?

माझे गाव वाई. मुंबईशी माझा संबंध परळच्या मामांच्या एका खोलीपुरता. परंतु रणजीच्या सामन्यात मुंबईकडे मन ओढ घेते, ही लहानपणापासूनची खोड आहे. माझ्या धाकट्या मुलीचा जन्म मात्र म्हैसूरचा, शाळा म्हैसूरची, मैत्रिणीही येथल्याच. त्या संध्याकाळी घरी आलो आणि सणाचा तिळगूळ तिच्या हातावर ठेवू लागलो, तर तिने हात मागे घेतला. म्हणाली, "तुमची मुंबई जिंकली ना? मग तुम्हीच खा."

त्या 'तुमची' या शब्दाचा मी पुष्कळ दिवस विचार केला. तिला कोणी कर्नाटकाची बाजू घेण्यास शिकविले नव्हते. आपली भूमी कोणती, हे माणूस पुस्तकातून किंवा शिधापत्रिकेतून शिकत नसावा. ज्या संघाच्या पराभवाने त्याच्या घशाशी आवंढा येतो, तो संघ जेथला, तेथला तो झालेला असतो. विजयात कोणीही सामील होतो, वाटेने जाणारासुद्धा पेढा घेतो. पराभवात सामील व्हावयाला मात्र तेथले असावे लागते.

तेवढ्यात शेजारच्या बाई ताट घेऊन आल्या. त्यात एळ्ळु-बेल्ल होते, साखरेचे साचे होते, उसाचे करवे होते. आपण म्हणतो, तिळगूळ घ्या, गोड बोला, हे लोक म्हणतात, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळेय मातनाडि." अर्थ तोच. मागोमाग त्यांचे यजमान आले. निवृत्त शिक्षक, चारही दिवस मैदानावर जाऊन बसलेले. पंचांविषयी नाही, कर्णधाराविषयी नाही, एवढेच म्हणाले, "हुडुग चेन्नागि आडिद." पोरगा छान खेळला.

हा पोरगा कोण? मनीष पांडेचा जन्म नैनितालचा. वडील लष्कराच्या नोकरीत. सरकारी बदल्यांच्या वाटेने जी कुटुंबे देशभर फिरतात, त्यांतलेच ते एक. आपल्यात आणि त्या मुलात मग अंतर ते काय राहिले? त्याने १४४ धावा काढल्या म्हणून त्या वृद्ध शिक्षकांनी त्याला 'पोरगा' म्हटले असे मला वाटत नाही. तो त्यांच्या पराभवात शेवटपर्यंत उभा होता, म्हणून म्हटले.

या हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ साली हैदराबादेत महाराष्ट्राचा संघ रणजीच्या अंतिम सामन्यास पोहोचला. १९९२-९३ नंतर प्रथमच. केदार जाधवने त्या हंगामात बाराशेहून अधिक धावा काढल्या होत्या. समोर होता कर्नाटकाचा संघ, आणि २०१० साली हरलेल्या त्याच गणेश सतीशने तेथे शतक ठोकले. आपण सात गडी राखून हरलो. माझ्या घरात त्या दिवशी मुलगी नाचत होती आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसलो होतो. संध्याकाळी शेजारचे मास्तर मुद्दाम आले. विजयाचा शब्दही न काढता त्यांनी जाधवच्या फलंदाजीची चौकशी केली. संक्रांतीचे ते देणे त्यांनी चार वर्षांनी असे परत केले.

सज्जनहो, मंडळाने पन्नास वर्षांत गणपती बसविले, नाटके केली, हळदीकुंकू केले. हे सर्व हवेच. आपली बोली मुलांच्या कानांवर पडत राहिली पाहिजे. परंतु मंडळ म्हणजे या गावापासून आडोसा धरण्याची भिंत नव्हे. आपल्या मुलांना दोन संघ आहेत, म्हणजे पराभव दुप्पट आहेत, हे खरे; पण त्या पराभवांत खांद्यावर हात ठेवणारी माणसेही दुप्पट आहेत. मुंबई जिंकली तर मला आजही आनंद होतो आणि तो मी लपवीत नाही. फक्त गावातले लोक मान खाली घालून मैदानातून परतत असतील त्या संध्याकाळी पेढे वाटू नयेत, तिळगूळ घेऊन त्यांच्या दारी जावे, एवढीच विनंती मला पुढील पन्नास वर्षांच्या सभासदांना करावयाची आहे.