घरांचा पहारा कोणाच्या हातीं ?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु शहरांत स्वतः उभें राहून घर बांधून घेणारा गृहस्थ आतां विरळा. आपण दुसऱ्यानें बांधलेल्या इमारतीचा चौथा किंवा चौदावा मजला विकत घेतों. पायांत काय पडलें आहे, खांबांत लोखंड किती आहे, हें आपल्यापैकीं कोणीं पाहिलेलें नसतें. तें आपल्या वतीनें नगरपालिकेच्या इमारत खात्यांतील एका माणसानें पाहिलें असेल, एवढ्या विश्वासावर आपण रात्रीं दिवा मालवून निजतों. आज मला बोलावयाचें आहे तें या माणसाविषयीं. त्याची खुर्ची रिकामी पडली तर ती कंत्राटी माणसानें भरावी कीं नाहीं, हा प्रश्न आतां वारंवार पुढें येतो.

या माणसाचें काम काय ? मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्याच्या ३५१ व्या कलमान्वयें परवानगीवांचून केलेल्या बांधकामास नोटीस देतां येते. ३५४ व्या कलमान्वयें मोडकळीस आलेली इमारत उतरविण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा हुकूम काढतां येतो. आणि ३५३ ब हें कलम सांगतें कीं, तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी मालकानें किंवा सोसायटीनें नोंदणी झालेल्या संरचना अभियंत्याकडून करवून घ्यावी. कायदे उत्तम आहेत. परंतु कायद्याला पाय नसतात. जिने चढावयाला, भिंतीवरची भेग पाहावयाला आणि आलेला अहवाल वाचावयाला माणूसच लागतो.

तो नसला किंवा त्यानें डोळे मिटले म्हणजे काय होतें, याचे दाखले दूर शोधावयास नकोत. ४ एप्रिल २०१३ रोजीं मुंब्र्याजवळ शीळफाटा येथें अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतांनाच कोसळली व ७४ माणसें दगावलीं. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपरची इमारत पडली, १७ जीव गेले. तळमजल्यावर चाललेले फेरफार त्यास कारण झाल्याचा आरोप झाला. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें विरारची अनधिकृत इमारत पडून पुन्हां १७ जण गेले.

आतां कंत्राटी नेमणुकीच्या बाजूनें जें सांगितलें जातें तें खोटें नाहीं. कायम भरतीला जाहिरात, परीक्षा, आरक्षणाचा हिशेब, निकाल, मग कोर्टकचेरी, अशा पायऱ्या आहेत. तोंवर पावसाळा थांबत नाहीं. दहांचें काम चौघांवर पडलें तर तें चौघे तक्रारींच्या ढिगाऱ्याखालीं गाडले जातात. अशा वेळीं शिकलेला तरुण मोजपट्टी घेऊन उभा असतांना त्याला नको म्हणणें हा शहाणपणा नव्हे. रिकाम्या खुर्चीपेक्षां कंत्राटी माणूस केव्हांहि बरा, हें मी मान्य करतों.

परंतु माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत ऐका. तो स्थापत्याचा पदविकाधर. एका शहरांत अकरा महिन्यांच्या करारावर तपासणीच्या कामास लागला. एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर दुकानदारानें जागा ऐसपैस व्हावी म्हणून मधली भिंत काढली होती व खांबहि तासला होता. मुलानें अहवाल लिहिला, छायाचित्रें जोडलीं. कागद वरिष्ठांच्या टेबलावर असतांनाच त्याची मुदत संपली. दोन महिने जागा रिकामी राहिली. मग दुसरा मुलगा आला. त्याला ना चाळ ठाऊक, ना कागद. माझा विद्यार्थी मला भेटला तेव्हां म्हणाला, "गुरुजी, तो दुकानदार मला हंसून म्हणाला होता, ‘साहेब, माझें दुकान तीस वर्षांचें, तुमची नोकरी अकरा महिन्यांची.’" पुढें या मुलानें आपण होऊन, पदरचा वेळ खर्चून, नव्या तपासनीसाला ती चाळ नेऊन दाखविली, तेव्हां कोठें खांबाला टेकू लागला. मध्यें पावसाळा आला नाहीं, हें नशीब. परंतु चाळींतल्या मुलाबाळांचा जीव एखाद्याच्या भलेपणावर आणि नशिबावर ठेवावा काय ?

त्या दुकानदाराच्या एका वाक्यांत सारा प्रश्न आला आहे. तपासणी म्हणजे नुसतें पाहणें नव्हे; तिच्या मागून नोटीस, सुनावणी, हुकूम आणि वेळ पडल्यास हातोडा यावा लागतो. हें काम वर्षानुवर्षें चालतें. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं उमादेवी प्रकरणांत सांगितलें कीं, कंत्राटी नेमणूक झाली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाहीं. तेव्हां ज्याला उद्यां घरीं जावयाचें आहे, त्यानें आज बड्या बिल्डराशीं वैर घ्यावें ही अपेक्षा करणें अवघड आहे. शिवाय उद्यां त्याला नोकरी मागावयाची ती बहुधा त्याच बिल्डराकडे !

कायम नोकर म्हणजे देवमाणूस, असें मात्र कोणीं समजूं नये. मुंब्र्याच्या प्रकरणांत पालिकेच्या अधिकाऱ्यांनाहि अटक झाली होती. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजीं आग लागून ७२ माणसें गेलीं. तेथें इमारत तपासणारें खातें स्थानिक कौन्सिलचेंच होतें, आणि त्यानें नव्या आच्छादनाची नीट छाननी केली नाहीं, असा ठपका २०२४ च्या चौकशी अहवालानें ठेवला. इंग्लंडांत १९८४ च्या कायद्यानें बांधणाऱ्याला खाजगी तपासनीस निवडण्याची मुभा दिली होती. उंच निवासी इमारतींपुरती ती २०२२ च्या कायद्यानें काढून घेतली. परीक्षार्थ्यानें आपला परीक्षक आपणच निवडावा, ही रीत कोणत्याहि शाळेंत चालावयाची नाहीं. ती तेथें इतकीं वर्षें चालली!

मग करावें काय ? माझ्या अल्प बुद्धीला सुचतें तें असें. पाहणें आणि सही करणें, हीं दोन कामें निराळीं करावीं. मोजमाप घेणें, नकाशा ताडून पाहणें, पावसाळ्यापूर्वीं जुन्या इमारतींची पाहणी करणें, यांसाठीं कंत्राटी माणसें खुशाल घ्यावींत. नोटिशीवर, हुकुमावर आणि भोगवटा प्रमाणपत्रावर सही मात्र कायम अधिकाऱ्याची असावी, म्हणजे दहा वर्षांनीं जाब विचारावयास कोणी तरी सांपडेल. करार अकरा महिन्यांचा न करतां निदान तीन वर्षांचा करावा, आणि जातांना प्रत्येक अपुरा कागद पुढच्याच्या हातीं सोंपवल्यावांचून त्याला मोकळें करूं नये. करार संपल्यावर कांहीं काळ त्याच शहरांतील बिल्डराची चाकरी करूं नये, अशी अट असावी. पगार पालिकेनें थेट द्यावा. मध्यें दलाल नको. २०२३ च्या सप्टेंबरांत राज्य सरकारनें खाजगी संस्थांमार्फत माणसें घेण्याचा निर्णय काढला आणि लोकांच्या विरोधामुळें ऑक्टोबरांत तो मागें घेतला, हें आपल्या स्मरणांत असेलच. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कंत्राटी माणूस घेतांनाच ती जागा कायमची केव्हां भरणार, ती तारीख जाहीर करावी. टेकू हा खांब नव्हे. टेकू लावून खांब बांधावयाचें विसरलें, तर शेवटीं टेकूहि जातो आणि घरहि जातें.

श्रोतेहो, आपल्याकडेहि थोडें काम आहे. घर घेतांना आपण स्वयंपाकघराची फरशी निरखून पाहतों, पण भोगवटा प्रमाणपत्र मागत नाहीं. सोसायटीच्या सभेंत रंगाच्या छटेवर दोन तास वाद होतो, आणि संरचना तपासणीचा विषय पुढच्या सभेवर जातो. आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं एवढेंच आठवावें : आपली इमारत किती वर्षांची, ती शेवटीं कोणीं तपासली, आणि तो कागद कोणाजवळ आहे ? यांचीं उत्तरें सांपडलीं नाहींत, तर उद्यां सकाळीं तीं शोधावयास लागावें.