दुखणं थांबलं, पण टाच जुळली का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक भाषणाचा लिखित गोषवारा)



आम्ही फिजिओथेरपी करणारी माणसं. आम्हाला बोलावलं की गुडघेदुखी नाहीतर कंबरदुखी, असंच लोक धरून चालतात. आज आम्ही मुद्दाम टाचेवरच्या नसेचा विषय घेतला आहे, कारण हे दहा दिवस तिच्या परीक्षेचे असतात. वर्षभर खुर्चीवर बसणारी मंडळी अचानक बॅडमिंटनच्या स्पर्धेत उतरतात, लेझीम हाती घेतात, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाच्या तालावर उड्या मारतात. ही नस तुटणाऱ्यांत तिशी ते पन्नाशीतले, अधूनमधून खेळणारे पुरुष जास्त असतात.

टाचेच्या मागे चिमटीत सापडते ती जाड दोरी म्हणजे ही नस. हिंदीत तिला ‘घोड़ानस’ म्हणतात, डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात. अकिलीस हा ग्रीक कथेतला वीर. त्याचं मरण टाचेत होतं. आपल्याकडे श्रीकृष्णालाही व्याधाचा बाण पायालाच लागला. खरं तर ही रक्ताची नस नव्हेच. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ती कंडरा आहे, शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत. पण हाडाच्या वर २ ते ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा कमी असतो, आणि बहुधा ती तिथेच तुटते.

तुटताना ‘फट्’ असा आवाज होतो. मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटतं. वळून पाहावं तर मागे कुणीच नसतं. मग दुखणं पुष्कळदा लवकर ओसरतं. इतर स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडं हलतं, माणूस लंगडत का होईना चालतो. म्हणून घरचे म्हणतात, “मुरगळला असेल.” तेल लावून मालिश होते, पट्टी बांधली जाते आणि मोलाचे आठवडे निघून जातात. उशीर झाला की तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर सरकतात आणि जोडणं अवघड होतं.

घरी एक गोष्ट पाहता येते. माणसाला पालथं झोपवा, पाऊल पलंगाबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हलकेच दाबा. चांगल्या पायाचं पाऊल आपोआप खाली झुकतं. दुखऱ्या पायाचं झुकलं नाही तर मालिश न करता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. पाऊल झुकलं तरी तो ‘फट्’ आवाज आठवत असेल तर दाखवून घ्याच.

पुढचा प्रश्न ठरलेला: ऑपरेशन करावं का? नॉर्वेत ५५० हून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्षभरानंतर ऑपरेशन केलेले आणि न केलेले, दोघांचीही प्रगती जवळपास सारखीच होती. न केलेल्यांत शंभरातल्या सुमारे सहा जणांची कंडरा पुन्हा तुटली, केलेल्यांत शंभरात एकाहूनही कमी जणांची. उलट ऑपरेशनमध्ये चेतातंतू दुखावण्याचं प्रमाण जास्त होतं. तेव्हा वय, काम आणि इतर आजार पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवा. मार्ग कोणताही घ्या, पुढचे महिने मात्र कुणालाच चुकत नाहीत.

पहिले काही आठवडे पाऊल खाली झुकवून प्लास्टरमध्ये किंवा खास बुटात ठेवतात. बुटात टाचेखाली पाचरी असतात. डॉक्टर सांगतील तशी एकेक काढत जायची. साधारण दोन-अडीच महिन्यांनी बूट सुटतो. मग दोन्ही पायांवर मिळून टाचा उचलायच्या आणि पुढे काही महिन्यांनी एकाच पायावर. धावणं त्यानंतर. खेळाच्या मैदानावर परतायला सहा महिने ते वर्ष लागतं.

यात सर्वांत धोक्याचा काळ कोणता? पहिला आठवडा नव्हे, कारण तेव्हा माणूस घाबरून जपतो. धोका असतो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते, पण कंडरा कच्चीच असते. आंघोळीला जाताना बूट काढून एक पाऊल, जिन्याची चुकलेली एक पायरी, तेवढं पुरतं. पुन्हा तुटली नाही तरी ताणून लांब होते, आणि लांब झालेल्या कंडरेने पावलाला रेटा देता येत नाही. माणूस मग कायमचा लंगडतो.

आपल्याकडे हे जास्त जपावं लागतं, कारण आपलं आयुष्य जमिनीवरचं आहे. उकिडवं बसलं की ही कंडरा पुरती ताणली जाते. म्हणून देशी शौचालयावर कमोड खुर्ची ठेवा. धानाची रोवणी वाकून, चिखलात पाय रुतवून होते. बांधीत उतरणाऱ्या माणसाचा तो हंगाम गेला असं धरूनच घरात कामाची वाटणी करा. मजुरी बुडते हे आम्हालाही दिसतं. पण घाईने पुढचे दोन हंगाम बुडतात. आरतीला बूट काढायचा संकोच असेल तर त्यावर धुतलेली कापडी पिशवी चढवा, नाहीतर खुर्चीवर बसून टाळ्या वाजवा. बाप्पा रागावत नाहीत.

थोरामोठ्यांनाही हे महिने चुकले नाहीत. डेव्हिड बेकहॅमची कंडरा मार्च २०१० मध्ये तुटली. तो विश्वचषकाला मुकला आणि सप्टेंबरमध्येच मैदानावर परतला. आपला मोहम्मद शमी २०२३ च्या विश्वचषकात ७ सामन्यांत २४ बळी घेऊन गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या अकिलीस टेंडनवर शस्त्रक्रिया झाली. मध्ये गुडघा सुजला, परतणं लांबलं. नोव्हेंबरमध्ये तो रणजी सामना खेळला, तोही आपल्याच राज्यात, इंदूरला मध्य प्रदेशाविरुद्ध, आणि पहिल्या डावात चार बळी घेतले. उत्तम डॉक्टर आणि साधनं दिमतीला असून त्याला साडेआठ महिने लागले. तेव्हा आपण दोन महिन्यांत मिरवणुकीत नाचायचा हट्ट धरू नये.

आणखी दोन सूचना. पाय बांधलेला असताना पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. त्यांनी ही कंडरा तुटण्याचा धोका वाढतो, स्टिरॉइड चालू असेल तर अधिकच.

बरं होणं म्हणजे दुखणं थांबणं नव्हे. एका पायावर उभं राहून टाच नीट उचलता आली, पुन्हा पुन्हा आली, की समजायचं टाच जुळली. तोवर घरच्यांनी रुग्णाला “किती दिवस बसून राहणार?” असं विचारू नये, “आज टाच किती वेळा उचललीस?” एवढंच विचारावं. पुढच्या वर्षी लेझीम पथकात तो पुन्हा उभा असेल.

गणपती बाप्पा मोरया!