परदेशातील एक उन्हाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्या सतरंजीवर मी लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून हळदीकुंकवाच्या दिवशी झोपून जात असे, त्याच सतरंजीसमोर आज उभे राहून बोलायचे म्हणजे मला थोडा संकोच वाटतो आहे. चिटणीसबाईंनी मला सांगितले, "युरोपात काय काय पाहिलेस ते सांग." मी होकार दिला. पण घरी जाऊन विचार करू लागले, तेव्हा ध्यानात आले की पाहिलेल्या गोष्टींपेक्षा लपवलेल्या गोष्टीच माझ्याजवळ अधिक आहेत. तेव्हा आज दोन्ही सांगते. सांगण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

2021 सालच्या शरद ऋतूत मी जर्मनीतील लाइपझिग या शहरी रसायनशास्त्र शिकण्यास गेले. तेथील विद्यापीठ 1409 साली स्थापन झालेले. सरकारी विद्यापीठ असल्याने शिकवणीची फी नाही, हे ऐकून आपल्याकडे पुष्कळांना वाटते की मग खर्च तो कसला? पण निघण्यापूर्वीच वर्षाच्या खर्चाची रक्कम तिकडच्या खात्यात अडकवून ठेवावी लागते. त्या वर्षी ती 10,332 युरो होती, म्हणजे सुमारे नऊ लाख रुपये. त्यातून महिन्याला 861 युरो हाती येत. बँकेचे कर्ज झाले, बाबांनी त्या सालच्या हळदीचे सगळे पैसे घातले, आईच्या पाटल्या गेल्या, आणि उरलेली तूट ह्या मंडळाच्या भिशीने भरून काढली. आईचा नंबर नव्हता, तरी आपण सर्वजणींनी तो तिला दिलात. हे मी विसरलेले नाही.

वसमतच्या मुलीला हळदीचे पीक ठाऊक असतेच. जूनच्या आसपास बेणे लावायचे आणि नऊ महिने वाट पाहायची. मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश, आणि शेवटी मोंढ्यात जो भाव मिळेल तो घ्यायचा. मीही घरच्यांच्या दृष्टीने तसेच एक बेणे होते. ही गोष्ट मनावर सारखी असे, आणि तिच्यामुळेच पुढचे सगळे घडले.

परदेशी विद्यार्थ्याला जर्मनीत कामाची मुभा असते. तेव्हा वर्षाला 120 पूर्ण दिवस किंवा 240 अर्धे दिवस असा नियम होता. 2024 पासून तो 140 आणि 280 असा झाला आहे. 2022 च्या जूनमध्ये मी एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात शनिवार-रविवार काम धरले, आणि जुलैच्या मध्यात व्याख्याने संपल्यावर पूर्ण वेळ. काम भांड्यांचे. खरकटे काढायचे, ताटल्या जाळीच्या ट्रेमध्ये उभ्या लावायच्या, ट्रे यंत्रात ढकलायचा, वाफाळत बाहेर आला की पुसून रचायच्या. मोठी पातेली मात्र हातांनीच घासायची. जुलैपासून किमान मजुरी ताशी 10.45 युरो झाली होती, म्हणजे आठशे रुपयांहून अधिक. दिवसभर वाकून हळद काढणाऱ्या आपल्या बाईला सबंध दिवसाचे मिळत नाहीत इतके पैसे मी तासाला मिळवते, हे पहिल्या दिवशी मनात आले आणि हात क्षणभर थांबले. अर्थात खर्चही तसाच असतो. विद्यार्थ्याच्या आरोग्यविम्यालाच महिना सुमारे 110 युरो जात.

घरी मात्र मी सांगितले की विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मिळाले आहे. पुस्तके लावायची, बसून नोंदी करायच्या, वर पंखा. (तिथे पंखेच नसतात, पण आईला ते ठाऊक नव्हते.) खोटे का बोलले? काम हलके म्हणून नव्हे. तिथे मालक आणि भांडीवाली एकमेकांना सारखेच "सुप्रभात" म्हणतात. पण आईने पाटल्या मोडल्या त्या लेकीने लोकांची उष्टी काढावीत म्हणून का, असे तिला वाटेल, ही भीती मला होती. पुढे यंत्राच्या वाफेने उजवे मनगट भाजले, तेव्हा मी तीन आठवडे लांब बाह्यांचा सदरा घालून फोनवर बसत असे. आई विचारी, "उन्हाळ्यात एवढी थंडी कशी गं?" मी म्हणे, "इकडे असतेच."

माझ्यासोबत युक्रेनमधील खारकीवची एक बाई काम करी. त्या वर्षी फेब्रुवारीत युद्ध सुरू झाले, तेव्हा ती मुलाला घेऊन निघून आली होती. तिची आई मागे राहिली होती. रोज संध्याकाळी ती आईला फोन करी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मोडक्या जर्मनवर आमचे चाले. एकदा तिने सांगितले, "आई म्हणते सगळे शांत आहे. मला मागे आवाज ऐकू येतात." तेव्हा मला तिचे वाईट वाटले. आपलेही असेच काही चालले असेल, हे मात्र मनात आले नाही.

आता प्रवासाचे सांगते, कारण त्यासाठीच आपण आला आहात. त्या उन्हाळ्यात जर्मन सरकारने एक नवल केले. महागाई वाढली म्हणून जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने अवघ्या 9 युरोंत महिन्याचे तिकीट दिले. देशभरच्या साध्या गाड्या, ट्राम, बस सगळे त्यात. जलद गाड्या तेवढ्या वगळलेल्या. अशी पाच कोटींहून अधिक तिकिटे खपली. गाड्यांना अशी गर्दी, की मला नांदेडहून वसमतला येणारी आपली गाडीच आठवावी. दारात उभे राहणे, मांडीवर पिशवी, पोरांची रडारड, सगळे तसेच. मुंबईत शिकलेल्या माझ्या मैत्रिणीला तर परमानंद झाला.

आषाढी एकादशी त्या वर्षी 10 जुलैला, रविवारी आली. आम्ही सुट्टी मागून घेतली आणि आदल्या दिवशी निघून, गाड्या बदलत बदलत चेक देशाच्या राजधानीला, प्राग शहरी गेलो. सरहद्दीपर्यंत 9 युरोंचे तिकीट, पुढे वेगळे. सरहद्दीवर कुणी साधा कागद विचारीना. फक्त स्टेशनांवरील नावांची लिपी जरा बदलली, अक्षरांच्या डोक्यावर खुणा आल्या, म्हणून देश बदलला असे समजायचे. प्रागमध्ये व्ल्टावा नदीवर जुना दगडी पूल आहे. त्याचा पाया 1357 साली घातला. दोन्ही कठड्यांवर संतांच्या तीस मूर्ती. एकादशीचा उपवास होता. बटाटे चालतात म्हणून युरोपात उपवासाचे हाल होत नाहीत, उलट बटाट्यांनी जीव नकोसा होतो! मूर्तींच्या रांगेतून चालताना मला आपल्या पालख्या आठवल्या. करोनामुळे दोन वर्षे पायी वारी बंद होती, ती त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली होती. आजीला फोन लावला. ती म्हणाली, "नदी हाय ना तिथं? मग हात जोड आन् तिलाच चंद्रभागा समज, माय." मी हात जोडले. शेजारचे प्रवासी पाहत होते, पण मला लाज वाटली नाही.

आजीशी तेच माझे शेवटचे नीट बोलणे.

पुढच्या आठवड्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचे हाड मोडले. मला सांगितले, "पाय मुरगळला आहे, झोपून असते." मग "झोपली आहे, उठवत नाही." मग "औषधाने डोळा लागतो." मी काम करून दमलेली असे. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. काम आटोपून मी रात्री नऊला मोकळी होई, तेव्हा तिथे अजून उजेड आणि इथे मध्यरात्र. त्यामुळे फोन मोजकेच, आणि तेही माझे खोटे सांभाळत केलेले. ज्याला स्वतःचे झाकायचे असते, तो दुसऱ्याला खोलात जाऊन विचारीत नाही.

24 ऑगस्टला, बुधवारी, मला सुट्टी होती. स्वस्त तिकिटाचा आठवडाच उरला होता म्हणून मी एकटीच ड्रेस्डेनला गेले. एल्बे नदीच्या काठी हे देखणे शहर आहे. तिथले मोठे चर्च दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या फेब्रुवारीतील बाँबवर्षावात कोसळले आणि जवळजवळ पन्नास वर्षे ढिगारा होऊन पडले होते. नंतर ते पुन्हा उभारले आणि 2005 साली खुले केले. सापडले तेवढे जुने दगड भिंतीत परत बसवले आहेत. ते काळे, आणि नवे पिवळसर. मी त्याच्यासमोर हसतमुखाने फोटो काढले आणि घरी पाठवले. संध्याकाळी आईचे उत्तर आले, "फोटो छान आले. जेवलीस का?"

भगिनींनो, त्या दिवशी पहाटे आजी गेली होती.

मला हे कळले 4 सप्टेंबरला. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या पूजेचा तो दिवस. गणपतीतल्या त्या तीन दिवसांत मराठवाड्याच्या मुलीला घर जितके आठवते, तितके दिवाळीतही आठवत नाही. सोळा भाज्या, पुरणपोळी, कथली, आंबील, मुखवट्यांना नथ घालताना आजीचे थरथरणारे हात! मी मुद्दाम सुट्टी घेऊन फोन लावला आणि म्हटले, "मला महालक्ष्म्या दाखवा." आई म्हणाली, "रेंज नाही." मी हट्ट धरला. तेवढ्यात मागून बाबा गेले. एरवी त्यांच्या डोक्यावर टोपी नसते. त्या दिवशी होती. मी म्हटले, "बाबा, टोपी काढा." ते काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढली. डोक्याचे मुंडण झालेले होते.

आई रडत म्हणाली, "तुझी परीक्षा होती, परत यायला लाखभर लागले असते, आणि आली असतीस तरी तोंड दिसले नसते. आम्ही तुझ्यासाठीच…" हे सगळे खरे होते. लाइपझिगहून वसमतला पोहोचायला दीड दिवस लागतो. मला तोंड दिसलेच नसते. पण मला रडायला तर मिळाले असते! ज्या दिवशी घर रडत होते, त्या दिवशी मी हसतानाचे फोटो पाठवले, ही बोचणी आजही जात नाही. रागाच्या भरात मीही बाही वर केली, मनगट दाखवले आणि म्हणाले, "मी पण ग्रंथालयात नाही, भांडी घासते." मग आम्ही दोघी कितीतरी वेळ नुसत्या एकमेकींकडे पाहत राहिलो. शेवटी आई म्हणाली, "मलम लावतेस का?"

1928 साली इरावतीबाई कर्वे उसने पैसे घेऊन उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. त्या काळी पत्र बोटीने जाई आणि घरची बातमी पोहोचायला कित्येक आठवडे लागत. उशीर बोटीमुळे होई. आज फोनवर क्षणात तोंड दिसते, तरी मला माझ्या घरची बातमी अकरा दिवसांनी कळली. हा उशीर कुणी केला? आईने केला, आणि मीही केला. आणि रागावू नका, पण आपल्यापैकीही दोघीतिघींनी त्या दिवसांत मला "आजी बऱ्या आहेत" असे फोनवर सांगितले होते. मायेपोटीच सांगितले, हे मी जाणते.

2023 साली शिक्षण पुरे करून मी परत आले. आता पुण्यात नोकरी करते आणि कर्ज फेडते आहे. भिशीचे पैसे मात्र त्या उन्हाळ्याच्या कमाईतूनच फिटले, हे आज सांगायला मला अभिमान वाटतो. ते पैसे भांडी घासून आलेले होते, ग्रंथालयातून नव्हे.

आज आपल्या गल्लीतली किती मुले पुण्याला, हैदराबादला, काही परदेशी आहेत. त्यांच्या आयांना माझी एवढीच विनंती आहे. दुःखाची बातमी लेकरापासून लपवू नका. ते दूर आहे म्हणून ते घरचे नाही, असे होत नाही. दोन दिवस त्याचा अभ्यास बुडेल, बुडू द्या. आणि इथे बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणींनो, बाहेर गेलात तर जे काम कराल तेच आईला सांगा. आपल्या आया हळदीच्या शिजवणीच्या धुरात उभ्या राहिलेल्या आहेत, भांड्यांच्या वाफेने त्या घाबरणार नाहीत.

आपल्या नर्सीत जन्मलेले म्हणून ज्यांना आपण पुजतो, ते नामदेव महाराज पायी थेट पंजाबात घुमानला जाऊन राहिले, आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. दूर जाणे आपल्या मातीला नवे नाही. जाणाऱ्याची आणि राहणाऱ्याची वाट मात्र दोन्हीकडून उघडी हवी.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना नथ मी घातली. आई शेजारी उभी होती. माझ्या मनगटावरचा डाग अजून दिसतो. तिने तो पाहिला आणि माझ्या हातात निरांजन दिले.