छातीची सोनोग्राफी



गेल्या हिवाळ्यात चाकणजवळच्या वीटभट्टीवरच्या एका कातकरी भावाला श्वास घेता येईना. पिंपरीच्या एका रुग्णालयात त्याला व्हेंटिलेटर लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाटेपाशी सोनोग्राफीचं मशीन आणलं. त्याची बायको घाबरली. “ताई, ही तर पोटुशी बाईची तपासणी. माझ्या माणसाला कशाला?” दीर म्हणाला, “घरी नेऊ.”

डॉक्टरांनी मला समजावलं, तेच मी त्यांना सांगितलं. फुप्फुसात नीट हवा असली की पडद्यावर आडव्या रेघा दिसतात. फुप्फुस ओलं झालं की उभ्या पांढऱ्या रेघा उतरतात. फुप्फुसाबाहेर पाणी साठलं की काळा भाग दिसतो. फ्रान्सचे डॉ. लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये या तपासणीची टप्प्याटप्प्याची पद्धत मांडली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला सीटी स्कॅनला नेणं जोखमीचं असतं. ही तपासणी खाटेवरच होते.

त्याच्या उजव्या बाजूला काळा भाग दिसला. सुईने पाणी काढलं. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला.

गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते. ते आपल्या गाडीत घालून वाडीवर नेता येत नाही. रुग्णालाच वेळेत पोहोचवावं लागतं. आणि तिथे घरच्यांजवळ समजावणारं कुणी हवं. त्या दिवशी ते घरी निघाले असते. पिंपरी-चिंचवडच्या मंडळींनो, आठवड्यातला एक तास त्यांच्यासाठी द्याल का?