परक्याचा वकील



विषय वाचून पुंडलिकनगरातील काही मंडळींना वाटले असेल की, परदेशी माणसाच्या खटल्याशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार दूरचा नाही. आपल्याच शहरातील एक वृद्धा पाकिस्तानात नातलगांना भेटावयास गेली. तेथे तिचे पारपत्र हरवले आणि ती तुरुंगात पडली. वर्षांमागून वर्षे गेली. शेवटी येथील पोलिसांनी तिच्या घराची नोंद शोधून कळविली, तेव्हा २०२१ च्या जानेवारीत ती परत आली. सुटका झाली ती एका कागदाने, आणि तो योग्य जागी पोहोचविणाऱ्या हातांनी.

आता आपल्या दारात असेच कोणी सापडले तर? एरवी फौजदारी खटल्यात आरोप करणाऱ्यानेच तो सिद्ध करावयाचा असतो. परकीय असल्याचा आरोप आला की नियम उलटतो. आपण परके नाही, हे त्या माणसानेच दाखवावयाचे. १९४६ च्या कायद्यात हे होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यानेही ते राखले आहे. आधारकार्ड, पॅनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र असले म्हणजे नागरिकत्व सिद्ध झाले असे नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टात म्हटले. मग कोठडीतल्या मजुराने गावाकडचा जन्मदाखला आणि बापाच्या जमिनीचा उतारा आणावा कसा? त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात धरलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशाच्या हद्दीत ढकलले गेले, आणि त्यांच्या राज्य सरकारने खटपट केल्यावर परत आले. सगळ्यांनाच अशी खटपट करणारे सरकार लाभते असे नाही.

म्हणून वकील हवा. तो फुकट मिळतो हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी फुकटचा वकील म्हणजे धर्मशाळेतला मुक्काम, असे वाटते. (यात थोडा दोष वकिलांचाही आहे, पण त्यांच्यापैकी काही समोरच बसले आहेत, तेव्हा ते राहू द्या.) १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे दान नव्हे, राज्याचे कर्तव्य आहे. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. आम्हांस त्यातील एक शब्द मोलाचा वाटतो. घटनेच्या ३९-अ कलमात ‘नागरिक’ आहे. या कायद्याच्या १२ व्या कलमात मात्र ‘व्यक्ती’ आहे. स्त्री, मूल किंवा कोठडीतला माणूस असला तर उत्पन्नाची अटही आड येत नाही.

छळामुळे देश सोडून आलेल्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, आणि निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही. तरीही १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेचे २१ वे कलम परक्याच्याही जीविताचे रक्षण करते. ती याचिका केली होती राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने. ज्याच्यावर वेळ येते त्याला बहुधा कोर्टाचा रस्ताच माहीत नसतो. कोणीतरी दुसऱ्याने जावे लागते.

जावयाचे ते जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत. उच्च न्यायालयाचे काम असेल तर जालना रोडवरील खंडपीठातही अशी समिती आहे. १५१०० या क्रमांकावर विचारता येते. अर्जदारास लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेतात. पैसे घेऊन ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या वाटेस जाऊ नये. खोट्या दाखल्याने खरा माणूसही बुडतो. आणि उशीर करू नये. शेजारी धरला गेला, तर त्याच दिवशी त्याच्या घरच्यांना शाळेचा दाखला, आईबापांचे जुने कागद, गावचा पत्ता हे एका पिशवीत भरावयास सांगावे, आणि त्यांच्याबरोबर आपणही कचेरीपर्यंत जावे.