दवाखान्याचा उंबरठा



आपला नंदुरबार जिल्हा 1998 साली धुळ्यातून वेगळा झाला. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा केंद्राचा कायदा त्याहून चार वर्षांनी थोरला. महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा 1988 सालीच केला होता. त्याची गरज काय, हे सांगत बसत नाही. राज्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालील मुली 2001 च्या शिरगणतीत 913 होत्या, 2011 साली 894 उरल्या.

माझा प्रश्न निराळा आहे. सरकारी अधिकारी सोनोग्राफीच्या खोलीशी येऊन उभा राहिला, तर त्याने आत शिरावे कोणत्या अधिकाराने? कलम 30 म्हणते, गुन्हा घडला वा घडत आहे असे मानण्यास सक्षम प्राधिकरणाजवळ कारण असेल, तर वाजवी वेळी झडती घ्यावी, कागद व यंत्रे सील करावीत. मनात आले म्हणून नव्हे.

अमेरिकेच्या घटनेत गैरवाजवी झडतीविरुद्ध स्वतंत्र दुरुस्ती आहे. आपल्या घटनाकारांनी तसे कलम घातले नाही, आणि 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्मा खटल्यात ते स्पष्ट नोंदवले. पुढे 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तेव्हापासून झडतीला कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि हेतूच्या मानाने बेताचीच ढवळाढवळ हवी.

हा हक्क डॉक्टरांचाच, असे समजू नका. वही डॉक्टरची, पण आतली गोष्ट धडगावहून उतरून आलेल्या बाईची! तिला कितवा महिना, आधी किती मुले, हे गावभर व्हायला नको. डॉक्टरमंडळींची तक्रार अशी की, ‘एफ’ फॉर्ममधल्या कारकुनी चुकीलाही गुन्हा ठरवतात. 2019 साली न्यायालयाने ती मानली नाही, आणि माझ्या मते योग्यच केले. तो कागदच नीट नसेल तर चोर धरायचा कशाने?

पण धरणाऱ्यानेही रीत पाळावी. गुरुग्रामच्या एका डॉक्टरांकडे 2017 साली झडती झाली. तेथील प्राधिकरण तिघांचे. झडतीचा निर्णय मात्र एकट्या सिव्हिल सर्जनांचा. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती झडती बेकायदा ठरवली. तिच्याखेरीज दुसरा पुरावा नव्हता, म्हणून फिर्यादच रद्द झाली. त्या खोलीत खरे काय घडले होते, ते त्या फिर्यादीतून आता कधीच ठरणार नाही.