गोधडीचा काठ



मी बँकेतला कारकून. सुई हाती धरली ती आई गेल्यावर, तिच्या गोधडीपायी. आतली दोन लुगडी शाबूत होती, काठाच्या मात्र चिंध्या झाल्या होत्या. आपण गोधडी ओढतो, झटकतो, पिळतो ती काठालाच धरून. म्हणून आत जुने चालते, काठाला जुने नको.

विनयपिटकाच्या महावग्गात हीच अडचण आहे. चीवराच्या कडेचे धागे सुटू लागले, तेव्हा भगवंतांनी कडेला पट्टी लावण्याची अनुज्ञा दिली. तिला पालीत ‘अनुवात’ म्हणतात.

मी हौसेने लाल सुती कापड आणले आणि न धुताच लावले. लुगडी पूर्वीच आटलेली. पट्टी पहिल्या धुण्यात आटली, कड गोळा झाली, आणि लाल रंग आईच्या लुगड्यावर उतरला. तो डाग अजून आहे.

तेव्हा कापड घेताना उजेडापुढे धरा. वीण विरळ दिसली तर सोडा. नखाने चोळून भुकटी निघाली तर ती खळ समजा. तिने पातळ कापडही जाड भासते. घट्ट विणीचे सुती घ्या, पण फार जाड नको, घड्यांत सुई अडते. पट्टी उरेब कापावी. कापड थोडे जास्त लागते, पण घडीवर एकच धागा झिजत राहत नाही आणि कोपराही नीट वळतो.

दुसरी पट्टी मी दोनदा धुऊन, पाणी स्वच्छ निघाल्यावरच लावली. सध्या ती गोधडी माझी मुलगी पांघरते.